नमुना सात, नमुना बारा : आगरदांड्याच्या खाडीकाठची नोंद

गावातल्या जमिनीचा हिशेब ठेवण्यासाठी महसूल खात्याने आखून दिलेल्या तक्त्याला गाव नमुना म्हणतात. महाराष्ट्रात हे नमुने १ ते २१ क्रमांकांचे आहेत आणि त्यांतल्या काहींना अ, ब, क अशा शाखा आहेत. सातव्या नमुन्यात जमीन कोणाची ते लिहितात, बाराव्यात तिच्यात काय पिकले ते. हे दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून त्या कागदाला सातबारा असे नाव पडले. रायगड जिल्ह्यात मुरुड तालुक्यातले आगरदांडा राजपुरी खाडीच्या उत्तर काठावर आहे. समोरच्या काठावर दिघी. फेरीबोट गाड्या-माणसे घेऊन पलीकडे लागली की दप्तराच्या लेखी श्रीवर्धन तालुका सुरू होतो. या खाडीकाठच्या जमिनी आधी जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानी दप्तरात नोंदल्या गेल्या, मग मुंबई राज्याच्या छापील नमुन्यात आणि शेवटी संगणकात. नोंद वाचणारा प्रत्येक वेळी बदलला. आधीच्या वाचणाऱ्याला न सांगता कळणारे काही ना काही नव्यासाठी लिहून ठेवावे लागले. सातबाऱ्याचा इतिहास बऱ्याच अंशी या लिहून ठेवण्याचा आहे.

जुन्या कागदपत्रांत या खाडीच्या मुखाशी असलेल्या बंदराचे नाव दंडा-राजपुरी असे येते. जंजिऱ्याचे सिद्दी खाडीच्या दोन्ही काठांवर राज्य करीत. मुरुड, श्रीवर्धन आणि म्हसळे हे मुलूख त्यांच्याकडे होते. पहिला भट पेशवा बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचा. त्याच्या घराण्याकडे तिथली देशमुखी होती. देशमुखी, कुलकर्ण, खोती यांच्या वतनांवर वसूल चाले आणि वसुलाचे कागद वतनदाराच्या घरी असत. गावचे दप्तर म्हणजे कुलकर्ण्याच्या माडीवर कापडात गुंडाळून ठेवलेले रुमाल. लिपी मोडी.

मोडीतल्या हिशेबाची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. कलमाचे नाव ओळभर आडवे ओढून लिहीत आणि त्याखाली एकूण आकडा देत. ‘पैकी’ म्हणून त्या आकड्याच्या फोडी खाली मांडत, आणि फोडीची पुन्हा फोड असेल तर ती आणखी आत सरकवून लिहीत. कोणता आकडा कोणाच्या पोटात आहे हे कागदावरच्या जागेवरून कळे. पाव, अर्धा, पाऊण यांसाठी उभ्या रेघा असत. एक रेघ पावाची, दोन अर्ध्याच्या, तीन पाऊणच्या. ही मांडणी भक्कम होती. शेकडो वर्षे तिने राज्ये चालवली. पण ती कशी वाचायची हे गावच्या दप्तरात लिहिलेले नसे. मुलगा बापाच्या शेजारी बसून शिकत असे. रुमाल उघडला तरी तो उलगडून सांगायला कुलकर्णीच लागे आणि वतनाची निम्मी ताकद यातच होती. खोताने कुळाकडून काय घेतले आणि वहीत काय लिहिले याचा मेळ कुळाला कधीच घालता येत नसे.

इंग्रजी मुलखात हे एकोणिसाव्या शतकात बदलू लागले. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची १८२७-२८ ची पुणे भागातली आकारणी फसली. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात त्याची पद्धत घालून दिली. या पद्धतीत नोंदीचा पाया माणसाच्या जागी शेत झाले. प्रत्येक शेताला क्रमांक मिळाला, कोपऱ्यावर दगड बसला, मातीची प्रत आण्यांत ठरली. मोजणीचे टिपण, क्षेत्र काढण्याचे गुणाकार पुस्तक, पोटहिस्स्यांची फाळणी, अखेरीस गावच्या सगळ्या क्रमांकांचे क्षेत्र व आकार (म्हणजे सारा) देणारा आकारबंद अशी कागदांची साखळी तयार झाली. भूमी अभिलेख कार्यालयात आजही हेच शब्द चालतात. माणूस मरतो, जमीन विकतो, नाव बदलतो; शेताचा क्रमांक मात्र तसाच राहतो. नोंदीला कायमची खूण मिळाली ती इथे.

कोकणात ही पद्धत राबवणे देशावरच्यापेक्षा अवघड होते. समुद्रालगत नारळ-सुपारीच्या आगरांचे चिंचोळे पट्टे, त्यामागे भातखाचरे, खाडीकडेला बांध घालून मिळवलेल्या खारजमिनी आणि डोंगरउतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन. एका घराच्या मालकीचे पाच तुकडे पाच जातींच्या जमिनीत असायचे. देशावर पुढे एकत्रीकरणातून गट क्रमांक आले. कोकणातल्या असंख्य गावांत मात्र सर्व्हे नंबर आणि त्याचे हिस्सेच राहिले. ‘४५/२अ/१’ अशा तिरक्या रेघांनी तोडलेल्या क्रमांकाचा प्रत्येक भाग एकेका वाटणीची आठवण आहे. पुढे संगणकाची डोकेदुखीही इथूनच सुरू झाली.

शेताला क्रमांक मिळाला तरी त्यावर कोणाचा हक्क आहे याची स्वतंत्र नोंद बराच काळ नव्हती. सरकारी वहीत सारा भरणाऱ्याचे नाव असे. सावकाराचे गहाण, भावाचा हिस्सा, कुळाची वहिवाट यांची नोंद त्या वहीत शोधून सापडत नसे. मुंबई इलाख्याने १९०३ मध्ये हक्कनोंदीचा कायदा केला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल संहितेत घातला. या कायद्याने हक्क बदलला की आधी फेरफार लिहायचा, मग मूळ नोंद दुरुस्त करायची अशी शिस्त लागली. आज सहावा नमुना म्हणजे फेरफार नोंदवही आणि सातवा म्हणजे अधिकार अभिलेख. हा क्रम तेव्हाचाच आहे.

ही सगळी घडी एका ग्रंथात बांधली एफ. जी. एच. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याने. गाव, तालुका आणि जिल्हा यांच्या महसुली हिशेबांची त्याची नियमपुस्तिका महसूल खात्यात ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणूनच ओळखली जाते. प्रत्येक नमुन्यात रकाने किती, त्यांत काय लिहायचे, कोणी आणि कधी लिहायचे, कोणत्या नमुन्यातला आकडा कोणत्या नमुन्यात उतरतो आणि बेरीज कुठे जुळायला हवी, हे त्यात सांगितले आहे. सहावरून सातवर, सातवरून खातेवार आठ-अवर, बारावरून पिकांच्या गोषवाऱ्याच्या अकरावर. तलाठ्याकडे असलेली पुस्तके नोंदवायलासुद्धा एक नमुना आहे, सोळावा. टपाल तिकिटांचा हिशेब विसाव्यात. इतक्या टोकाला जाणारा ग्रंथ रुक्ष असणारच. पण गावचे दप्तर परक्या माणसालाही वाचता यावे म्हणून त्याचा नमुना शब्दांत उतरवण्याचे हे काम मराठी मुलखात इतक्या व्यवस्थितपणे पूर्वी झाले नव्हते. बदली होऊन आलेल्या तलाठ्याला आधीच्या माणसाला काही विचारावे लागू नये, हा त्यातला हेतू.

मॅन्युअलवर आणि नंतरच्या नियमांवर पोसलेले काही संकेत तर पिढ्यान्‌पिढ्या चालले. फेरफाराची नोंद झाली पण मंजूर झाली नाही, तोवर सातव्या नमुन्यात नवे नाव पेन्सिलीने. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केले की शाईने. नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला आकडा म्हणजे ज्या फेरफाराने ते नाव आले त्याचा क्रमांक. हक्क संपलेल्या माणसाचे नाव खोडायचे नाही, कंसात टाकायचे. अशा वेळी गावकरी ‘त्याच्या नावाला कंस झाला’ असे म्हणतात. बँकेचे कर्ज ‘इतर अधिकार’ या रकान्यात ‘बोजा’ म्हणून. म्हणजे पेन्सिल, शाई, वर्तुळ, कंस या चार खुणांनी एका कागदावर जमिनीचा चालू हक्क आणि मागचा इतिहास दोन्ही धरून ठेवले होते. या खुणा डोळ्याला दिसतात. रकान्याच्या शीर्षकात त्यांचा उल्लेख नाही. पुढे नमुना यंत्राकडे गेला तेव्हा नेमक्या याच जागी तो अडला.

रकाना नसेल तर हक्कही उरत नाही, याचा धडा याच जिल्ह्यात मिळाला. अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला. तो १९३९ पर्यंत चालला. खोताच्या जमिनी न कसण्याचा हा निर्णय कुळांनी उपाशी राहून निभावला. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचे नाव कागदावर नाही, हे त्यांच्या गाऱ्हाण्यांचे मूळ होते. १९३९ च्या कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा आणली. १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. कुळवहिवाटीसाठी सात-अ हा वेगळा नमुना आहे. त्या एका जोडअक्षरी क्रमांकामागे सहा वर्षांचा संप आहे, हे सातबारा काढणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

चरीचा संप चालू होता तेव्हा आगरदांडा संस्थानातच होते. ८ मार्च १९४८ रोजी जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मुरुड, श्रीवर्धन आणि म्हसळे कुलाबा जिल्ह्यात आले. या जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. विलीनीकरणानंतर मुंबईचे महसूल कायदे इकडे लागू झाले. खोती १९४९ च्या कायद्याने संपली, परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने. कुलकर्ण्याची जागा पगारी तलाठ्याने घेतली आणि रुमालातले कागद सज्जाच्या कपाटात आले. महाराष्ट्राची स्वतःची जमीन महसूल संहिता १९६६ ची. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि अधिकार अभिलेखाचे नियम १९७१ मध्ये झाले. संहितेच्या कलम १५० मध्ये फेरफाराची रीत आहे, कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्तीची. कलम १५७ प्रमाणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ही नोंद खरी मानायची. त्यामुळे नमुन्यातली चूक ही हाताची चूक उरत नाही. ती पुसेपर्यंत कायदा तिच्याच बाजूने उभा असतो.

याच काळात मापेही बदलली. सोळा आण्यांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर हा हिशेब जाऊन हेक्टर-आर आले. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. सातबाऱ्यावर ते ‘०.४०.४७’ असे लिहितात; शून्य हेक्टर, चाळीस आर, सत्तेचाळीस चौरस मीटर. जुनी पद्धत ‘१-२०’ अशी होती, एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. तलाठ्याला यात काही वावगे वाटत नसे, कारण एकक कोणते ते रकान्याच्या डोक्यावर छापलेले असे.

संगणकीकरण सुरू झाले केंद्राच्या योजनेतून, १९८८-८९ मध्ये. देशातले आठ जिल्हे प्रयोगासाठी निवडले गेले. त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रणालीवर तालुक्यातालुक्यांत सातबारे टंकलिखित होऊ लागले. पहिला अडथळा अक्षरांचाच होता. देवनागरी मजकूर संगणकात कसा साठवायचा याचे भारतीय मानक १९९१ चे, ‘इस्की’ नावाचे. त्यावर चालणारे जिस्ट तंत्रज्ञान मुळात कानपूरच्या आयआयटीत जन्मले आणि पुण्याच्या सी-डॅकने ते देशभर नेले. युनिकोडमधली देवनागरीही इस्कीच्याच जुन्या आराखड्यावर बेतलेली आहे. पण इस्कीतून युनिकोडमध्ये मजकूर नेताना मराठीची नड वेगळी होती. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक मराठीला हवाच. चंद्रकोरीसारखा र आणि रफार ही दोन वेगळी चिन्हे म्हणून साठली तरच तो टिकतो. ‘शेतकऱ्याचे’ हा शब्द सरकारी कागदावर येतो तितका कुठे येत नसेल, आणि जुन्या फाँटांत तोच सर्वांत जास्त मोडत असे.

दुसरा अडथळा आकड्यांचा. ‘०.४०.४७’ मध्ये दोन टिंबे आहेत. संगणकाच्या लेखी ही संख्याच नाही, तो मजकूर. बेरीज करायची तर तीन भाग सुटे करून आरांचे शंभर झाले की हेक्टरात घ्यायचे, असा नियम लिहून द्यावा लागतो. कोणी ‘०.४.५’ असे भरले तर? माणूस अंदाजाने चार आर पाच चौरस मीटर असे वाचेल. यंत्र ते चाळीस आर पन्नास चौरस मीटर असेही धरू शकते. म्हणून प्रत्येक भाग दोन अंकीच भरायचा, ‘०.०४.०५’ असा, हेही सांगावे लागते. हिस्स्यांच्या क्रमांकांत तर वेगळाच घोळ. अक्षरांच्या क्रमाने लावले तर ‘४५/१०’ हा ‘४५/२’ च्या आधी येतो. कोणत्याही प्रचलित तक्ता-प्रणालीत ‘७/१२’ असे टाइप करून पाहावे. कित्येक संगणकांवर त्याची लगेच तारीख होते. सर्व्हे नंबर सातचा बारावा हिस्सा अशा रीतीने डिसेंबरात किंवा जुलैत जाऊन बसतो!

हा प्रश्न महसूल खात्याचा एकट्याचा नव्हता. संगणकाच्या जगात तो आज्ञावलीवर चालणाऱ्या प्रत्येक साधनाला आला. १९७१ मध्ये निघालेल्या युनिक्सच्या पहिल्या नियमपुस्तिकेत आज्ञांच्या वर्णनाबरोबर फायलींच्या नमुन्यांसाठी स्वतंत्र पाचवा विभाग होता. वापरकर्त्यांच्या खात्यांची यादी असलेली फाइल कशी वाचायची हे तिथे दिलेले असे. या फाइलचे आजचे रूप साधे आहे : दर ओळीत एक माणूस, ओळीत सात रकाने, रकान्यांमध्ये अपूर्णविराम. यंत्राची मांडणी दाखवणारी किंवा बदलणारी आज्ञा चालवली की पडद्यावर जे उमटते ते माणसासाठी असते. ते सुबक दिसावे म्हणून मोकळ्या जागा आणि शीर्षके पुढच्या आवृत्तीत बदलतात. दुसऱ्या आज्ञेने तेच वाचायचे असेल तर बदल चालत नाही. म्हणून चांगली साधने दोन प्रकारे उत्तर देतात. एक डोळ्यांसाठी, दुसरे यंत्रासाठी, आणि दुसऱ्याचे रकाने, त्यांचा क्रम, रिकाम्या जागेचा अर्थ आणि मजकुरात आलेली विशेष चिन्हे लिहायची रीत हे सगळे दस्तऐवजात लिहिलेले असते. स्वल्पविरामांनी रकाने तोडण्याची पद्धत कित्येक दशके वापरात होती. तिचे सर्वमान्य वर्णन २००५ साली प्रसिद्ध झाले. तोवर प्रत्येक प्रोग्राम आपापल्या समजुतीने स्वल्पविराम वाचत होता. आत आत सरकत जाणाऱ्या फोडींसाठी १९९८ चे एक्सएमएल आणि २००१ च्या सुमारास आलेले जेसन हे प्रकार आहेत. मोडी हिशेबातले ‘पैकी’ आणि जेसनमधला महिरपी कंस यांचे काम एकच आहे. फरक एवढाच की दुसऱ्याचे नियम कोणालाही वाचायला मिळतात.

महाराष्ट्रातही पहिल्या टंकलेखनातून आलेल्या चुका ध्यानात यायला वेळ लागला. हस्तलिखित सातबाऱ्यावरचे कंस, वर्तुळ आणि पेन्सिल संगणकात उतरवण्यासाठी सुरुवातीला पुरेशी जागा नव्हती. कोणाचे संपलेले नाव पुन्हा जिवंत झाले, कोणाचा हिस्सा गळाला, कुठे नमुना सातचे क्षेत्र आठ-अच्या बेरजेशी जुळेना. मग हस्तलिखित आणि संगणकीय नोंद शेजारी ठेवून तपासणी झाली. २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम निघाली. गावकऱ्यांना जमवून प्रत्येक खातेदाराचा सातबारा मोठ्याने वाचला, हरकती घेतल्या आणि दुरुस्त्या केल्या. चाचणीची ही पद्धत गमतीची वाटली तरी तिला तोड नाही. यंत्राला बेरीज तपासता येते. ‘हा बंडू म्हणजे तो बंडू नव्हे’ हे चावडीवरच कळते. कोकणात वारसांची नावे डझनांनी असतात आणि त्यांतले निम्मे मुंबईत, त्यामुळे इथल्या हरकती निस्तरायला जास्त वेळ लागतो.

फेरफाराची नोंद आता ई-फेरफार प्रणालीत होते. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती आय-सरिता प्रणालीतून तलाठ्याकडे आपोआप पोहोचते, नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. पेन्सिलीचे काम आता ‘प्रलंबित फेरफार’ या सूचनेने होते. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. घरबसल्या पंधरा रुपयांत तो उतरवता येतो आणि सही-शिक्क्यासाठी तलाठ्याला शोधत फिरावे लागत नाही. राज्यातल्या सुमारे अडीच कोटी सातबाऱ्यांसाठी ही सोय झाली.

२०२० मध्ये नमुन्याचीच फेररचना झाली. अँडरसनच्या पुस्तकानंतर नमुन्याला झालेला हा बहुधा सर्वांत ठळक बदल. त्यातल्या सुधारणांत गावाच्या नावाशेजारी स्थानिक स्वराज्य संस्था निर्देशिकेतला सांकेतांक आला. कारण एका जिल्ह्यात एकाच नावाची दोन गावे सहज सापडतात, आणि आगरदांडा हे नाव दोघे जण दोन प्रकारे लिहू शकतात. लागवडयोग्य आणि पोटखराब यांच्या बेरजेचे एकूण क्षेत्र वेगळे दिसू लागले. शेतजमिनीला हेक्टर-आर-चौरस मीटर आणि अकृषिक जमिनीला आर-चौरस मीटर असे एकक स्पष्ट झाले. जुने फेरफार क्रमांक एकत्र एका रकान्यात आले, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख दिली गेली, प्रलंबित फेरफार असेल तर तो नोंदला. संपलेल्या नावावर आडवी रेघ. दोन खातेदारांच्या मध्ये तुटक रेघ आली. ती माणसाच्या डोळ्यासाठी. सांकेतांक मात्र थेट यंत्रासाठी. एकाच कागदावर दोन्ही वाचकांची सोय झालेली इथे दिसते. अकृषिक जमिनीला बारावा नमुना लागत नाही हेही कागदावरच छापले गेले, म्हणजे रिकामा रकाना विसरल्याने रिकामा आहे की मुद्दामच, याचा संशय उरला नाही.

पुढे प्रत्येक भूखंडाला अकरा अंकी ओळख क्रमांक आणि कागदावर क्यूआर कोड आला. कोडचे महत्त्व पडताळणीत आहे. सातबाऱ्याची पीडीएफ ही शेवटी छापील पानाची प्रतिकृती. तिच्यातून क्षेत्र, नाव, बोजा सुटे काढणे यंत्राला जड जाते आणि मांडणी जरा हलली की वाचन चुकते. म्हणून बँकेला पीक कर्जासाठी माहिती हवी असेल तर ती सुट्या रकान्यांच्या रूपात, ठरलेल्या नमुन्याने देणे हाच मार्ग आहे. बोजा चढवणे-उतरवणे हे आज गावकऱ्याचे सर्वांत जास्त वेळ खाणारे काम असते. ते कमी व्हायचे तर देणारी आणि घेणारी प्रणाली यांनी रकान्याचा अर्थ सारखाच समजला पाहिजे. ‘इतर अधिकार’ हा रकाना अजून मोकळ्या मजकुराचा आहे. त्यात बोजा येतो, विहिरीचा हक्क येतो, वाट येते, न्यायालयाची मनाई येते. माणूस हे सगळे वेगळे करून वाचतो. यंत्राला ते सगळे एका ओळीतच दिसते. नमुन्यातले सर्वांत कच्चे अंग अजून हेच आहे.

आगरदांड्याला या सगळ्याचे वजन बंदरामुळे जास्त आहे. राजपुरी खाडीच्या दोन्ही काठांवर, आगरदांडा आणि दिघी इथे, खासगी बंदर विकसित करण्याचा करार महाराष्ट्र सागरी मंडळाने २००२ मध्ये केला. बंदर विकसित करणारी कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने दिघी बंदर ७०५ कोटी रुपयांना घेतले. बंदरासाठी, रस्त्यासाठी जमीन संपादन करताना भरपाई कोणाला आणि किती याचा आधार सातबारा आणि मोजणी नकाशा. खाडीकडेच्या जमिनीत भरतीने बांध फुटतो, खाजण होते, कांदळवन पसरते. आकारबंदातले जुने क्षेत्र आणि आजची जमीन यांत अंतर पडते. कागदावरचे क्षेत्र आणि नकाशावरचे क्षेत्र ही दोन वेगळ्या खात्यांची उत्पादने आहेत, सातबारा महसूल खात्याचा आणि नकाशा भूमी अभिलेख खात्याचा. दोन्ही एका क्रमांकाने जोडणे हे अकरा अंकी ओळखीचे मुख्य काम.

बाराव्या नमुन्याची गोष्ट निराळी आहे. पूर्वी तलाठी हंगामात पाहणी करून पीक लिहीत असे. शिवारात न जाता सज्जात बसूनच पाहणी झाल्याच्या तक्रारी नेहमीच्या होत्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्या मोबाइलवर पीक निवडतो, शेतात उभा राहून छायाचित्र काढतो आणि नोंद स्थळाच्या अक्षांश-रेखांशासह जाते. यादीतून पीक निवडायचे असल्याने ‘भात’, ‘भातशेती’, ‘तांदूळ’ असे तीन शब्द एका पिकासाठी येत नाहीत. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र बागायतीत एकाच वाडीत नारळ, सुपारी, जायफळ, मिरी एकत्र वाढतात. मिश्र पिकाच्या रकान्यात प्रत्येकाचा वाटा ठरवणे यंत्राने सोपे केलेले नाही.

नोंदवह्यांच्या जुन्या पानांचे स्कॅनिंग अनेक जिल्ह्यांत झाले आहे आणि ती पाने संगणकावर पाहता येतात. ही चित्रे आहेत; त्यांत शोध घेता येत नाही. विलीनीकरणापूर्वीच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या मोडी नोंदींसाठी अजून मोडी वाचकच लागतो. वारसाहक्काच्या आणि कुळाच्या दाव्यांत त्याचे लिप्यंतर पुरावा म्हणून जोडले जाते. मोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २०१४ मध्ये मिळाली. त्यामुळे मोडी अक्षरे संगणकात साठवता येतात, पण कुलकर्ण्याच्या झरझर हातातले जोडाक्षर ओळखून त्याचा रकाना ठरवणे हे काम अजून पुढेच आहे. तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले. त्याच्या नमुन्यांचे क्रमांक मात्र अँडरसनच्या पुस्तकातले तसेच आहेत.